चालायला निमित्त लागते

चिरंजीव मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, प्रकल्पासाठी कोविड महासाथीच्या काळातील शारीरिक हालचाल आणि मानसिक आरोग्य हा विषय तू निवडला आहेस, आणि पुन्हा तशी वेळ आली तर क्रीडाशिक्षकाने मुलांना नेमके काय सांगावे, असेही विचारले आहेस. २०२० साली तू दहावीला होतीस आणि भूगोलाचा पेपर रद्द झाल्याचा आनंद फोन करून कळवला होतास, हे मला चांगले आठवते. त्याच सुमारास तुमचे मैदानही रद्द झाले होते, पण ते कोणी जाहीर केले नव्हते.

आधी माझी चूक सांगतो, कारण तुला उपयोगी पडेल असे जे काही माझ्यापाशी आहे ते तिथूनच सुरू होते. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात मी आठवी-नववीच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करून त्यावर तक्ता टाकला: पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार, वीस जोर, तीस बैठका, आणि पुरावा म्हणून रोजचा व्हिडिओ. आपला सातारा जिल्हा म्हणजे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा, ज्यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले; तेव्हा मुलांना दुसरे काही सांगण्याचे माझ्या मनातही आले नाही. पहिल्या आठवड्यात चाळीसेक व्हिडिओ आले, तिसऱ्या आठवड्यात पाच. मी तो आळस समजलो आणि गटावर जरा कडक शब्दांत लिहिले. त्या संध्याकाळी एका मुलाच्या आईचा फोन आला. "सर, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं आहोत. सासरे खाटेवरून उठत नाहीत. पोरगं आडवं कुठं होणार? आणि मोबाइल एकच आहे, तो ह्यांच्याबरोबर जातो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फोन ठेवल्यावर ते पाच व्हिडिओ पुन्हा पाहिले, तर पाचही गच्चीवर किंवा अंगणात काढलेले होते.

त्यानंतर मी त्या मुलाचा फेब्रुवारीतला दिवस डोळ्यांसमोर आणून पाहिला. तो सायकलने शाळेत यायचा, मधल्या सुट्टीत खो-खो खेळायचा, दळण टाकायला आणि आणायला जायचा, मित्राला हाक मारायला दोन गल्ल्या ओलांडायचा. यातल्या कशालाही त्याने किंवा मी कधी व्यायाम म्हटले नव्हते. ती हालचाल त्याच्या दिवसात मिठासारखी विरघळलेली होती आणि प्रत्येक हालचालीला एक निमित्त होते. टाळेबंदीने ती निमित्ते काढून घेतली, आणि मी त्याला निमित्तावाचून हालचाल करायला सांगत बसलो होतो. तुझ्या प्रकल्पात 'लोकांनी व्यायाम सोडला' असे वाक्य आले तर ते खोड, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे. बहुतेकांनी व्यायाम कधी धरलाच नव्हता. त्यांची निमित्ते गेली.

आकडेही हेच सांगतात. मोबाइलवरील एका अ‍ॅपने मोजलेल्या पावलांचा १८७ देशांतील अभ्यास २०२० सालीच प्रसिद्ध झाला होता. महासाथ जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत सरासरी पावले सुमारे २७ टक्क्यांनी घटली; इटलीत पावले जवळजवळ निम्म्यावर आली, तर कडक टाळेबंदी न लावणाऱ्या स्वीडनमध्ये घट ७ टक्क्यांच्या आसपास राहिली. इटलीतल्या माणसांची इच्छाशक्ती महिन्याभरात आटली, असे तर कोणी म्हणणार नाही. आपल्या राज्यात ३ जून २०२० पासून पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागी चालण्याची, धावण्याची आणि सायकल चालवण्याची मुभा मिळाली, तीही गटाने नव्हे. व्यायामशाळा उघडायला २५ ऑक्टोबरचा दसरा उजाडला. दारूची दुकाने राज्यात अनेक ठिकाणी मे महिन्यातच उघडली होती. हा शेरा प्रकल्पात घालू नकोस, पण लक्षात ठेव.

आता मनाविषयी. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून 'पावले कमी झाली म्हणून मने खचली' असा निष्कर्ष काढण्याचा मोह तुला होईल. तो आवर. त्याच काळात माणसांची माणसे गेली होती, पगार थांबले होते, रुग्णालयात खाट मिळत नव्हती. शिवाय खचलेला माणूस आधी अंथरूण सोडेनासा होतो. म्हणजे न चालल्याने मन खचते तसे मन खचल्याने चालणे थांबते, आणि एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून यातले आधी काय घडले ते कळत नाही. त्या वर्षी ऑनलाइन प्रश्नावल्यांचे पीक आले होते. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आणि निवांत वेळ होता त्याचीच नोंद त्यांत झाली. मला फोन करणारी ती आई त्यांतल्या एकाही तक्त्यात सापडायची नाही.

यापेक्षा भक्कम पुरावा महासाथीच्या आधीचा आहे. नॉर्वेत सुरुवातीला निरोगी असलेल्या सुमारे ३४ हजार प्रौढांचा ११ वर्षे मागोवा घेतला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा अंदाज असा की, प्रत्येकाने आठवड्याला निदान एक तास हालचाल केली असती तर पुढे उद्भवलेल्या नैराश्यापैकी सुमारे १२ टक्के टळले असते. त्यासाठी घाम गाळण्याचीही गरज नव्हती. चिंतेच्या विकारांबाबत मात्र तसा लाभ आढळला नाही, आणि हे वाक्य लोक सोयीस्करपणे गाळतात. दुसरा प्रयोग अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा, १९९९ सालचा. नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांपैकी काहींना औषध, काहींना व्यायाम आणि काहींना दोन्ही दिले, तेव्हा १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच दिसली. हा प्रयोग व्याख्यानांतून नेहमी सांगितला जातो, पण तो व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, गटात आणि देखरेखीखाली होत होता, हे कोणी सांगत नाही. त्यातला किती गुण चालण्या-धावण्याचा आणि किती घराबाहेर पडून चार माणसांत जाण्याचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. व्यायामाने शरीरात एन्डॉर्फिन हे रसायन वाढते आणि त्यानेच मन प्रसन्न होते, ही गोष्टही जरा जपून सांग. रक्तात वाढलेले एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, आणि झोप लागणे, ऊन मिळणे, ठरवलेले काम पार पडल्याचे समाधान असणे ही साधी कारणे त्याहून पटणारी आहेत.

चालणे आपोआप मनाला बरे वाटायला लावते, असे समजू नकोस. २०२० च्या मे महिन्यात महामार्गांवरून शेकडो किलोमीटर चालत निघालेले मजूर आपण पाहिले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत गेलेले १६ जण ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सापडून मेले. थकून रुळांवरच झोपले होते. त्यांच्या पावलांचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा? तीच गोष्ट घरातल्या बायकांची. धुणी, भांडी, फरशी आणि चार वेळचे खाणे यांत त्या काळात त्यांचे शरीर पूर्वीपेक्षा जास्तच राबले, आणि त्यांतून कोणीही उल्हसित झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हालचाल आपल्या मर्जीची, आपल्या वेळेची असावी लागते. म्हणून तुझ्या प्रश्नावलीत 'किती मिनिटे' याच्याजवळच 'कोणासाठी' हा प्रश्न विचार.

याउलट मर्जीचे चालणे हिरावले गेले की काय होते, हे आम्ही फलटणकरांनी जवळून पाहिले. माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वर्षानुवर्षे पायी तुडवणाऱ्या माणसांना त्या साली घरी बसावे लागले आणि ३० जून २०२० रोजी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच झाले. आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या आजी बावीस वर्षे वारी करत होत्या. एप्रिल-मे महिन्यांत त्या गप्प झाल्या, जेवण तुटले, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ज्येष्ठात त्यांच्या दिंडीतल्या एका बाईने फोन केला आणि दोघींनी ठरवले की रोज सकाळी सहाला हरिपाठ म्हणत आपापल्या अंगणात चालायचे, फोन चालू ठेवून. हळूहळू आणखी पाच-सहा जणी त्यांना मिळाल्या. रोज किती चालता, असे मी शिक्षकी सवयीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते कुठं मोजतोय? हरिपाठ सरला की थांबायचं." दुःख गेले असे मी म्हणणार नाही, आषाढीला त्या रडल्याच. पण त्या दोन वेळा जेवू लागल्या होत्या आणि सकाळी अंघोळ करून कोणाच्या तरी फोनची वाट पाहत होत्या.

मी माझा तक्ता फाडला तो हे पाहून. गटातल्या मुलांच्या जोड्या लावल्या. संध्याकाळी सहाला जोडीदाराला साधा फोन करायचा आणि बोलणे चालू असेपर्यंत बसायचे नाही, एवढाच नियम ठेवला. ज्यांच्याकडे त्या वेळी फोन नसे त्यांना पाणी भरणे, गच्चीवरची वाळवणे वर-खाली करणे, आजोबांना धरून दारापर्यंत नेणे अशी कामे त्यांच्याच पसंतीने दिली, आणि व्हिडिओ मागणे बंद केले. खोली लहान असेल तर उभ्यानेच करता येईल असे काही सांगावे: भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणे, एका पायावर तोल. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे सुचवली, तेव्हा सलग दहा मिनिटे झाली तरच ती धरायची ही जुनी अटही काढून टाकली. दोन-दोन मिनिटेही मोजली जातात, हे ऐकून मुलांचा जीव भांड्यात पडतो. मोठा आकडा आधी सांगितला तर ती सुरुवातच करत नाहीत.

आजारातून उठलेल्या मुलाबाबत मात्र उत्साह आवर. कोविडचा सौम्य आजार झालेल्यांसाठी २०२१ च्या सुरुवातीस ब्रिटिश डॉक्टरांनी दिलेला सल्ला असा होता की, लक्षणे जाऊन सात दिवस झाल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये आणि त्यानंतरचे निदान दोन आठवडे अगदी हलकीच हालचाल ठेवावी. छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर असेल तर थेट डॉक्टर. काहींना थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळण्याइतका थकवा येतो. त्यांना 'जरा नेट लाव' म्हणणे हा अपराध आहे, आणि आपल्या पेशातली माणसे तो सर्रास करतात. तसेच एखादे मूल दोन आठवडे झोपत नसेल, कशातच रमत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवत असेल, तर त्याला मैदानाचा उपाय सुचवत बसू नकोस. पालकांशी बोल, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव, आणि रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या हाती दे.

प्रकल्पासाठी नमुना लहान घेतलास तरी चालेल. तीस घरे घे, पण त्यांतली निदान दहा एका खोलीची असू देत, आणि पहिला प्रश्न घरात आडवे होण्याइतकी मोकळी जागा आहे का, हा ठेव. मसुदा दाखवायला येशील तेव्हा साडेसहानंतर ये. सहा ते साडेसहा बारामतीचे माझे जुने सहकारी फोनवर असतात आणि आम्ही दोघेही आपापल्या गच्चीवर फेऱ्या मारत असतो.

तुझे,
सर