मैत्रिणीच्या केसमध्ये मला समन्स आलंय, काय करू?

प्रश्न: ताई, माझ्या मैत्रिणीवर जबरदस्ती झाली त्या रात्री ती सगळ्यात आधी माझ्याकडेच आली होती. एका पायात चप्पल नव्हती, पाण्याचा तांब्या हातातून सुटला, मग बऱ्याच वेळाने रडत रडत सगळं सांगितलं. आता मला कोर्टाचं समन्स आलंय. आरोपी माझ्या जेठांच्या ओळखीचा, त्यामुळे घरात धुसफूस चालूय, सासू म्हणते "तुले काय करनं शे?" पण माझी भीती वेगळीच आहे, पोलिसांनी लिहिलेल्या जबाबात चप्पल, तांब्या काहीच नाही. वकील मला खोटं पाडेल का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर: आधी हे, तुमच्या पत्रातलं गावाचं आणि तिचं नाव मी काढलंय. पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपल्या खान्देशात तर नुसती गल्ली सांगितली तरी पार पाचोऱ्यापर्यंत कळतं.

समन्स आलं की जावंच लागतं, नाही गेलात तर वॉरंट निघू शकतं. सासूबाईंना हेच सांगा, वाद तिथेच मिटेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्रसंग पाहिला नाही, तरी तुम्हाला बोलावलंय कारण घटनेनंतर लगेच ती कुणाकडे गेली, कशी होती, काय बोलली हे पुराव्यात धरलं जातं. १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टमध्ये हे उदाहरणासकट होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमातही आहे. म्हणजे तुमची ती चप्पल आणि तांब्या फालतू नाहीत हो! पण जबाबात नाहीत, म्हणून बचावाचा वकील "हे आत्ता सुचलं का?" असं नक्की विचारणार. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटा आणि हे सांगून टाका. पोलिसांना सांगितलं होतं पण लिहिलं नाही, की कुणी विचारलंच नाही, जे खरं तेच बोला. जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, त्यामुळे असं सुटतं हे कोर्टालाही माहीत असतं. माया करणारी माणसं इथेच चुकतात, मैत्रिणीला मदत म्हणून दोन वाक्यं जोडतात आणि मग त्या दोन वाक्यांपायी बाकीचं खरंही संशयात जातं. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही.

ती किती चांगल्या घरची हेही सांगत बसू नका. तिचं चारित्र्य, आधीचे संबंध हे संमतीच्या प्रश्नात कायद्याने बघायचंच नसतं, आणि तुम्ही तिचं कौतुक केलं तर समोरचा त्याच दारातून आत शिरेल.

जेठांच्या मित्राकडून कुणी "समजवायला" आलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा. साक्षीदाराला खोटं बोलण्यासाठी धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि २०१८ पासून साक्षीदारांना संरक्षण मागायची योजना आहे, सरकारी वकिलांना विचारा.

सुनावणी बंद दाराआड होते, पण बाहेर बाकावर तासन्‌तास बसावं लागतं, सोबत कुणालातरी न्या. आणि तिची साक्ष आधी झाली असेल तर ती आत काय बोलली हे तुमची साक्ष होईपर्यंत तिला विचारू नका, दोघींचे शब्द सारखे आले की वकील म्हणणार पाठ करून आल्यात.