औषध आल्यावर जिवाणू स्वतःला बदलून घेतात का?

तुमचा प्रश्न असा, की अँटिबायोटिक दिल्यावर जिवाणूंना धोका ‘कळतो’ आणि म्हणून ते स्वतःत बदल करून घेतात का. नाही. बदल बहुतेक वेळा आधीच होऊन बसलेला असतो, औषध फक्त चाळणी लावतं.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला पोषक वातावरण मिळालं तर 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. दर वेळी डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादी चूक राहून जाते. कोट्यवधी पेशींत औषधाला दाद न देणारी एखादी निघतेच. औषध नसताना तिला या बदलाचा उपयोग शून्य, बऱ्याचदा तोटाच. औषध आलं की बाकीच्या मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिचीच प्रजा वाढते.

हे कशावरून, असं तुम्ही विचारालच. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला लागली ती मखमल! औषध नसलेल्या, जिवाणू वाढलेल्या प्लेटवर (पोषक थर असलेल्या बशीवर) त्यांनी मखमलीचं कापड दाबलं आणि तेच कापड स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या अनेक प्लेट्सवर एकामागून एक टेकवलं. तगलेले जिवाणू सगळीकडे नेमक्या त्याच जागी उगवले. मग मूळ प्लेटवरच्या त्या जागेतले जिवाणू घेऊन हीच कृती पुन्हा पुन्हा केली. शेवटी हाती आले ते औषधाचा कधी स्पर्शही न झालेले, तरी त्याला पुरून उरणारे जिवाणू.

त्यामुळे ‘माझ्या शरीराला या गोळीची सवय झाली’ असं कुणी म्हणालं की मी अडवतो. प्रतिकार जिवाणूंचा असतो, तुमच्या शरीराचा नाही. शिवाय प्रतिकाराचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, असेल तर ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही मिळू शकतं. म्हणजे प्रत्येकाने स्वतः चुकण्याची वाट पाहायला नको.

एक पुरवणी मात्र जोडायला हवी. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने डीएनएला इजा झाली, की काही जिवाणूंत नकलेतल्या चुका वाढतात. ‘म्हणजे कळतंच की!’ असं इथे म्हणावंसं वाटेल, पण या जादा चुकाही जनुकांत कुठेही होतात. त्यांतल्या बहुतेक बिनकामाच्या, काही तर जीवघेण्या. कामाची एखादी निघालीच, तर ती पुन्हा त्याच चाळणीतून जाते.