'ला त्राव्हियाता'ला जाण्याआधी

चि.
अनेक आशीर्वाद.

मिलानच्या स्काला थिएटरचं तिकीट मिळालं, तेही 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचं, हे वाचून फार आनंद झाला. जागा वरच्या गॅलरीत आहे म्हणून हिरमुसू नकोस. तिथले खरे दर्दी वरच बसतात, आणि गायक घसरला की नाराजी लपवत नाहीत. रंगमंच थोडा कमी दिसेल, पण आवाज पोचतो. माइक नसतो, नुसता गळा सबंध वाद्यवृंद ओलांडून तुझ्यापर्यंत येतो.

गोष्ट आधी वाचून जा. शेवट कळला तर मजा जाईल, हे मनातून काढून टाक. संगीतकार व्हर्दीनं स्वतःच शेवट आधी सांगितलाय. पडदा उघडण्यापूर्वी व्हायोलिन्स वरच्या सुरांत, अगदी दबकत सुरू होतात. ती नायिकेच्या, व्हिओलेताच्या, क्षयाची चाहूल. त्यामागून येणारी चाल कानात साठवून ठेव. दुसऱ्या अंकात आपल्या प्रियकराला, आल्फ्रेदोला, कायमचं सोडून जाताना ती त्याच्याकडे प्रेमाची याचना करते, तेव्हा हीच चाल उसळून वर येते. त्या वेळी समोरच्या छोट्या पडद्यावरचं भाषांतर वाचू नकोस.

तिसऱ्या अंकात मरणाला टेकलेली व्हिओलेता आल्फ्रेदोच्या वडिलांचं पत्र वाचते. गात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते, आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची चाल वाजत असते. पत्र संपतं आणि ती म्हणते, उशीर झाला. मला विचारशील तर गायिकेची खरी पारख इथेच होते. उगाच हुंदके देणारी मला पटत नाही.

पहिल्या खेपेला सगळं भिडलं नाही तरी खट्टू होऊ नकोस. 1853 साली व्हेनिसमध्ये याच ऑपेराचा पहिला प्रयोग पडला होता. व्हर्दीनं काही भाग सुधारले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरानं तो डोक्यावर घेतला.

वेळेआधी पोच, उशीर झाला तर अंक चालू असताना आत सोडत नाहीत. अर्धी चड्डी चालत नाही. आणि संपल्यावर कोट घ्यायला धावू नकोस. गायक पडद्यापुढे येतील, तेव्हा हात दुखेपर्यंत टाळ्या वाजव. मग मला सविस्तर लिही, विशेषतः ते पत्र तिनं कसं वाचलं ते.

तुझे,
सर