सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो, बॅटरी बदलू का?

तुम्ही लिहिलंय की बाईकची किल्ली फिरवल्यावर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फचं बटण दाबलं की एकदाच ‘टक्’ होतं आणि पुढे काही नाही. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली. बदलू का?

नका बदलू. निदान मोजल्याशिवाय तरी नका. याच ‘टक्’पायी आमच्याकडे दोन नव्या बॅटऱ्या आल्या आणि बाबांची गाडी भंगारात जाता जाता राहिली.

बाबा गेल्यावर ती गाडी मी वापरायला लागलो. वर्षभर कसलीही कुरकुर नव्हती. मग एका सकाळी टक्. संध्याकाळी बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात सुरू. असं चार-पाच वेळा झाल्यावर दादाला विचारलं. घरात गाड्यांतलं त्याला कळतं, असं आम्ही सगळेच धरून चालतो. त्याने लांबूनच सांगितलं, बॅटरी. नवी बसवली, गाडी चालू झाली. अकराव्या दिवशी पुन्हा टक्. मग हीच बॅटरी खराब निघाली म्हणून दुसरी आणली. तीही बसवल्याबरोबर चालली आणि तीन आठवड्यांनी परत तेच. तेव्हा दादा म्हणाला, “वायरिंग सडलंय हिचं. पैसे घालू नकोस, देऊन टाक.” बाबांची गाडी देऊन टाक, हे त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला जेवण गेलं नाही. त्या रात्री मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी बसलो.

बॅटरी 12.6 व्होल्ट. म्हणजे भरलेली. पण नुसत्या पडून असलेल्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबू नका, आतून मेलेली बॅटरीसुद्धा तेवढे दाखवू शकते. खरा आकडा बटण दाबलेलं असताना दिसतो. मीटर टर्मिनलवर धरून ठेवला आणि सेल्फ दाबला. बॅटरी कमजोर असती तर काटा 8-9 व्होल्टवर कोसळायला हवा होता. माझ्याकडे 12.4. बॅटरीला कुणी कामच सांगत नव्हतं! करंट वाटेत कुठेतरी अडत होता.

मग जाड केबली. आधी मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर सलग आहे का हे बीप करून सांगणाऱ्या सेटिंगवर लावला, तो छान बीप करत राहिला. त्या बीपने माझा तास खाल्ला. केबलीतले बहुतेक तंतू कुजले आणि दोन-चार शिल्लक असले तरी मीटरला पुरतं, कारण मीटर सोडतो तो करंट अगदी नगण्य. सेल्फची मोटर मात्र कित्येक अँपिअर ओढते. 60 अँपिअरच्या वाटेत 0.05 ओहम जरी अडथळा आला तरी 3 व्होल्ट तिथेच जळतात, आणि 0.05 ओहम साध्या मीटरवर दिसतसुद्धा नाही. दिवे लागतात याचाही म्हणून काही अर्थ नाही. 35 वॉटच्या हेडलाइटला जेमतेम 3 अँपिअर लागतात.

त्यामुळे व्होल्ट मोजायचे, तेही बटण दाबून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे शिशावरच, वरच्या नट-बोल्टवर नाही. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. केबल चांगली असेल तर 0.2-0.3 व्होल्टच्या आसपास दिसतं. माझ्याकडे 9 च्या वर दिसले. बॅटरीची जवळजवळ सगळी ताकद एका अर्थ केबलीत, म्हणजे मायनसकडून इंजिनला जाणाऱ्या जाड केबलीत मरत होती. इंजिनकडची लग (केबलीच्या टोकाची धातूची कडी) सोडवली तर प्रेस केलेल्या जागी तांब्याचा हिरवा चुरा. बाहेरून प्लास्टिक अगदी नव्यासारखं. दिव्यांची आणि रिलेची (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच, टक् त्याचंच) अर्थ माझ्या गाडीत वेगळ्या बारीक वायरने बॅटरीला येते, म्हणून दिवे लागत होते आणि टक् होत होतं.

मग नवी बॅटरी टाकल्यावर गाडी का चालायची? कारण बॅटरी बसवताना तीच केबल हाताने हलवली जायची आणि कुजलेले तंतू काही दिवस एकमेकांना टेकायचे. दादाला हे आजवर मान्य नाही. तो म्हणतो, नवी बॅटरी होती म्हणूनच चालली. नवी केबल टाकल्यावर मी सगळ्यात पहिली, ‘मेलेली’ ठरवलेली बॅटरी चार्ज करून परत बसवली. सेल्फ मारताना 10.4 व्होल्ट. त्याच बॅटरीवर पुढचं दीड वर्ष गाडी चालली. यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा? म्हणून तुम्हाला सांगतो, बॅटरी बदललीच तर गाडी महिनाभर सलग नीट चालेपर्यंत जुनी कुणाला देऊ नका. आणि बॅटरी टाकली, चालली, म्हणजे दोष बॅटरीत होता, हे कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. सांगणारा घरातला मोठा असला तरी.

तुमच्या बाबतीत मायनसकडे ठीक निघालं तर तीच चाचणी प्लसला करा, बॅटरीचा प्लस ते मोटरचा बोल्ट. तिथे बटण दाबल्यावर मोठा आकडा आला तर रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. पूर्ण 12 तिथेच दिसले तर रिले आवाज करतोय पण आतले काँटॅक्ट जळालेत. दोन्ही बाजू स्वच्छ, मोटरपर्यंत व्होल्ट पोचतायत आणि तरी ती गप्प, तर मोटरचे कार्बन ब्रश. साइड स्टँडचा स्विच, क्लच स्विच, किल स्विच यांच्या मागे तुम्ही लागू नका. ते अडवत असते तर बहुतेक गाड्यांत टक् सुद्धा झालं नसतं.

आता हे आधी लिहायला हवं होतं. बटण दाबल्यावर बॅटरीच खरोखर 8 वर आली, किंवा एका टक्ऐवजी टक्टक्टक् असा भराभर आवाज आला, तर आधी ती पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही कोसळली तर बदला, तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. मात्र नवीही महिन्याभरात उतरली तर चार्जिंग बघा, इंजिन 5000 आरपीएमवर असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. हे सगळे आकडे लेड-ॲसिड बॅटरीचे, लिथियमचे वेगळे असतात. मोजताना गाडी न्यूट्रलला हवी आणि मीटर अँपिअरवर चुकूनही नको. सेल्फ सलग पाच सेकंदांहून जास्त दाबू नका. रिलेचे बोल्ट पान्याने जोडून बघा असं कुणी सुचवेल, ते करू नका, ठिणगी मोठी उडते आणि वर पेट्रोलची टाकी असते. केबल काढताना आधी मायनस सोडवा, लावताना तो शेवटी.

बटण दाबलेलं असताना बॅटरीवर किती आणि मायनस ते इंजिन किती, हे दोन आकडे आधी कळवा. तोवर बॅटरीला हात लावू नका.