चौदा वर्षांची उपासना आणि थकलेले हात

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आम्ही मूळचे नगरकडचे. चौदा वर्षांपूर्वी प्रभूने मनात घातलं म्हणून घरातच मराठी उपासना सुरू केली, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. नऊ कुटुंबं झाली, तेव्हा हॉल भाड्याने घेतला. आता तीनच उरली. मुलांना मराठी वचन कळत नाही. खुर्च्या लावण्यापासून जेवणापर्यंत सगळं आम्हा दोघांवर. हे म्हणतात, बंद करू. मला ती प्रभूशी बेइमानी वाटते. देवाचं पाचारण असं मध्येच सोडता येतं का?"

ताई, सलाम.

तुमच्या पूर्ण पत्रात जेवणाचा उल्लेख चार वेळा आहे. त्या रविवारी तुम्हाला स्वतःला प्रभूकडून काय मिळतं, याचा एकदाही नाही. म्हणून आधी थकव्याबद्दल बोलते.

बायबलमधलं १ राजे, १९ वा अध्याय पुन्हा उघडा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं कार्य झालं, आणि लगेच एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, झोपतो, त्याला उठवून पुन्हा खाऊ घातलं जातं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं. "मी एकटाच उरलो" म्हणणाऱ्याला तिथे कळतं की आणखी सात हजार शिल्लक आहेत, आणि पुढचं काम अलीशावर, त्याच्या जागी येणाऱ्या संदेष्ट्यावर, सोपवायचं आहे. विश्रांतीला बेइमानी समजू नका; इथे ती देवानेच दिलेली आहे.

तर जून, जुलै, ऑगस्ट, तुमच्याकडच्या थंडीचे तीन महिने, उपासना थांबवा. तिन्ही कुटुंबांना तसं सांगून थांबवा, म्हणजे कुजबुज होणार नाही. ते रविवार दुसऱ्या मंडळीत मागच्या बाकावर बसा. कुठलीही जबाबदारी घेऊ नका.

भाऊंचं "बंद करू" हे विश्वास कमी झाल्याचं लक्षण आहे असं मला वाटत नाही. चौदा वर्षं खुर्च्या उचलणाऱ्या माणसाला तेवढं म्हणायचा हक्क आहे. त्यांना विचारा, यातलं नेमकं काय नको झालं? जेवणच असेल, तर जेवण बंद. चहा आणि बिस्किटांवरही प्रभू भेटतो.

आता संख्येचं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले आणि तिथल्या पहिल्या माणसाचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत त्यांचा लहान मुलगा गेला, पत्नीचं मानसिक आजारपण सुरू झालं. आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये याच माणसाने तिकडून काढला. १८१२ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरचा त्यांचा छापखाना जळाला, हस्तलिखितं गेली, आणि त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्या सात वर्षांतल्या कुठल्याही रविवारी डोकी मोजली असती, तर काम बंद करणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

पण मला तुमच्यासाठी जास्त जवळच्या वाटतात पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली सांभाळत असताना त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, कारण खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं ते चाललं. काम जिच्यावर सोपवायचं ती लेक, मनोरमा, १९२१ मध्ये गेली. तरी रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मुक्ती आजही चालू आहे, ज्या लेकीवर सोपवायची होती तिच्याशिवाय.

यातला भाषेचा मुद्दा तुमच्या मुलांसाठी घ्या. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून रमाबाई एवढ्या झटल्या, मग आपल्याच मुलांना न कळणारं वचन त्यांच्यासमोर का वाचत राहायचं? सप्टेंबरात पुन्हा सुरू कराल तेव्हा वचन दोन्ही भाषांत होऊ द्या, इंग्रजीतलं मुलांनी वाचायचं. मराठीतलं नगरच्या आजीने वाचावं. सप्टेंबरात तुमच्या दुपारी तीनला तिकडे सकाळचे साडेदहा असतात, ऑक्टोबरात तुमची घड्याळं पुढे गेली की साडेनऊ; व्हिडिओवर तिला बोलवा. त्या वेळी ती चर्चला जात असेल, तर आदल्या दिवशी रेकॉर्ड करून घ्या. गिटार वाजवणारा जो मुलगा तुम्ही लिहिला आहे, त्याला रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन शिकवा आणि त्याची चाल चुकली तरी मध्ये टोकू नका.

तिघांपैकी एका कुटुंबाकडे हॉलची किल्ली द्या. ती सोडताना तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे. खुर्च्या वाकड्या लागतील, सुरुवात उशिरा होईल. तुम्ही त्या दिवशी फक्त येऊन बसा, भाऊंच्या शेजारी. इतक्या वर्षांत उपासनेत तुम्ही दोघं एका बाकावर किती वेळा बसलात?