जुन्या बुलेटला व्हीएम २८ बसवल्यानंतर

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० ला मिकुनीचा व्हीएम २८ कार्बोरेटर बसवला असेल, तर जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याला) हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशनच्या पॉइंटचा गॅप आणि मॅनिफोल्डचा (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचा) सांधा तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग रेंगाळत खाली येत असेल, तर बहुधा सांध्यातून हवा खेचली जात असते आणि तो दोष कोणत्याही जेटने जात नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर कार्बोरेटरवरचा एअर स्क्रू हलकेच शेवटपर्यंत आवळावा, तेथून दीड फेरा सोडावा आणि मग पाव-पाव फेऱ्याने फिरवत आयडलिंग सर्वांत सुरळीत कुठे लागते ते कान देऊन ऐकावे. तो जवळजवळ पूर्ण आवळूनच इंजिन सुधारत असेल, तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा जेट) लहान पडतो आहे. स्क्रू अडीच-तीन फेरे सोडावा लागत असेल, तर तो जेट मोठा आहे. नवशिक्यांची गल्लत इथेच होते, कारण हा स्क्रू पेट्रोल नव्हे, हवा कमी-जास्त करतो.

पाव ते पाऊण थ्रॉटलचा कारभार नीडलकडे, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या निमुळत्या सुईकडे असतो. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते.

पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा मेन जेट मात्र मोठ्याकडून लहानाकडे उतरत जावा. पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग पाहावा: फिकट तपकिरी रंग समाधानकारक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पांढराफटक दिसला तर पिस्टन जॅम होण्याचा धोका असल्यामुळे मोठा जेट लावल्याशिवाय गाडी पळवू नये.