ईक्यू टेस्टमध्ये कमी गुण आले म्हणून नोकरी नाकारली. या चाचण्यांवर विश्वास ठेवावा का?

ईक्यू म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून हाताळण्याची क्षमता. एवढ्यावरून नाकारायला नको होतं, असं माझं मत. मी इथंच कोल्हापुरात कॉलेजवर मानसशास्त्र शिकवतो. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी चाचणी झाली असं तुम्ही लिहिलंय, पण ती कुठल्या प्रकारची होती ते लिहिलं नाही. सगळं त्यावर आहे.

'मी दुसऱ्याच्या भावना चटकन ओळखतो : सहमत / असहमत' अशी विधानं होती का? मानसशास्त्रज्ञ बार-ऑन यांची 1997 ची ईक्यू-आय ही चाचणी याच पठडीतली. गंगावेश तालमीत वस्तादांनी पोराला आखाड्यात न उतरवताच 'तुझी ताकद किती, एक ते पाचात सांग' म्हणावं, तसला हा प्रकार. आणि नोकरी हवी असलेला माणूस 'मला राग आवरत नाही' यापुढं 'सहमत' कशाला लिहील? (तुम्ही लिहिलं असेल तर प्रामाणिकपणाचेच गुण गेले.) अशा गुणांचा कामगिरीशी संबंध दिसतो खरा. पण जोसेफ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा काटेकोरपणा, मनमोकळा स्वभाव, सर्वसाधारण बुद्धी, आत्मविश्वास वगैरे बाजूला काढल्यावर तो संबंध जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे जुनाच माल, नवं लेबल.

दुसरा प्रकार मेयर, सॅलोवे आणि करूसो यांच्या एमएससीईआयटी या चाचणीचा; तिच्या 2002 च्या आवृत्तीत 141 प्रश्न. यात चेहऱ्यांचे फोटो, प्रसंग देऊन प्रत्यक्ष काम करायला लावतात. हा मला जास्त पटतो, पण बरोबर उत्तर ठरवलंय कसं? पाच हजारांवर लोकांनी काय निवडलं, किंवा 21 तज्ज्ञांनी काय निवडलं, त्यावरून. गणितासारखं पक्कं उत्तर इथं नाही. चारचौघांना न दिसणारं एखाद्याला दिसलं, तर त्याचे गुण कमीच होणार. त्यात आपल्या संस्कृतीतल्या माणसांच्या भावना आपल्याला जास्त नीट ओळखता येतात, हे एल्फेनबाइन आणि अंबाडी यांनी 2002 मध्ये दाखवलंय. दोस्ताला शिवी हासडून मिठी मारणाऱ्या आपल्या गावाला ते वेगळं सांगायला नको.

हे दोन्ही प्रकार एकाच माणसाला दिले तर? ब्रॅकेट आणि मेयर यांच्या 2003 च्या अभ्यासात दोन्ही गुणांचा सहसंबंध आला फक्त 0.21 (0 म्हणजे काही संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी). दोन्हींवर नाव मात्र एकच.

कंपनीला मेल करून चाचणीचं नाव आणि तिची मानकं, म्हणजे तुमचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ते आकडे, कुठल्या लोकांवर काढली ते विचारा. आणि प्रश्न इंग्रजीत होते का, तेही इथं लिहा. असतील तर इंग्रजी किती समजतं याचेही गुण त्यात मिसळलेत.